खिशातले दप्तर आणि त्याची भाकिते

घडून गेलेल्या गोष्टींचा वृत्तान्त म्हणजे इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जे घडणारच असे जाणत्यांनी छातीठोकपणे सांगितले, आणि जे पुढे घडले नाही किंवा भलत्याच रीतीने घडले, त्याचाही एक इतिहास असतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका भाकिताची कथा सांगू इच्छितो. विषय वरवर पाहता रूक्ष आहे. माहिती साठविण्याची जी साधने उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतात, त्यांत पुढे किती मावेल आणि त्याला काय पडेल, एवढाच तो प्रश्न. तथापि ज्यांचे बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी पाठीवर असते आणि ज्यांचे पोट दप्तरावर चालते, अशा आपणां नोकरदारांना तो अगदीच परका वाटू नये. काय जपावयाचे आणि काय रद्दीत घालावयाचे याचा निर्णय बहुधा बुद्धीने होत नाही. तो जागेने आणि पैशाने होतो. ट्रंकेत न मावलेली पुस्तके मागे राहतात, तसेच कचेरीतही घडते.

उचलून नेता येणारी आणि यंत्राला वाचता येणारी माहिती प्रथम कागदावरच होती. अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याने भोके पाडलेल्या कार्डांचा उपयोग केला. १९२८ साली आय.बी.एम. कंपनीने त्या कार्डाला ८० स्तंभांचे रूप दिले, आणि पुढली चाळीस-पन्नास वर्षे जगातील कचेऱ्यांचा हिशेब त्या कार्डांवर चालला. एका कार्डावर फार तर ८० अक्षरे. आज करंगळीच्या नखावर मावणाऱ्या एका टेराबाइटच्या मेमरी कार्डात एक लाख कोटी अक्षरे बसतात. तेवढी जुन्या कार्डांवर उतरवावयाची तर १,२५० कोटी कार्डे लागतील, आणि ती एकावर एक न रचता आडवी, पाठीला पाठ लावून उभी केली तर रांग सुमारे २,२०० किलोमीटर लांब होईल. म्हणजे दिल्लीच्या फलाटावरून निघालेली रांग चेन्नईस पोचेल. असले हिशेब मनोरंजनापुरतेच खरे. कारण इतकी कार्डे कोणी भरलीच नसती. साधन महाग असते तेव्हा माणूस मोजकेच लिहितो, ही बाब या साऱ्या कथेत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९५६ साली आय.बी.एम.ने रॅमॅक नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात सुमारे दोन फूट व्यासाच्या ५० चुंबकीय चकत्या एका आसावर फिरत असत, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. म्हणजे सुमारे ६२ हजार कार्डांचा मजकूर. तिचे वजन एक टनाहून अधिक होते. ती विकत घ्यावयाची नसून भाड्याने घ्यावयाची होती, आणि संपूर्ण यंत्रणेचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर पडे. विमानात चढविण्यासाठी तिला उचलयंत्रावर घातल्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ‘वाहून नेता येण्याजोगे’ हे विशेषण त्या काळी असेही लावता येत असे! १९६२ साली त्याच कंपनीने चकत्यांची चळतच यंत्रातून काढता येईल अशी सोय केली. सहा चकत्यांची ती चळत साडेचार किलो भरे आणि तीत २० लाख अक्षरे राहत. हातात धरून जिना चढता यावा असे चकत्यांचे हे पहिले दप्तर.

त्याच सुमारास चुंबकीय फितीही रूढ झाल्या होत्या. त्यांच्या संबंधातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९६९ च्या जुलै महिन्यात माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा तेथून आलेले मूळ संकेत पृथ्वीवरील केंद्रांत फितींवर नोंदले गेले. दूरचित्रवाणीवर जगाने जे अंधूक चित्र पाहिले त्याहून या फितींवरील चित्र पुष्कळ स्पष्ट होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांचा शोध सुरू झाला. २००९ साली नासा या संस्थेनेच निष्कर्ष जाहीर केला की, फितींचा तुटवडा पडल्यामुळे जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या, आणि त्यांतच बहुधा याही गेल्या. मनुष्यजातीच्या एका अपूर्व प्रसंगाची मूळ नोंद कोणा शत्रूने जाळली नाही, तिला वाळवीही लागली नाही. कोऱ्या फितींची टंचाई होती, म्हणून कोणा कर्तव्यदक्ष कर्मचाऱ्याने काटकसर केली. आमच्या पेशातील वाचकांना त्या अज्ञात कर्मचाऱ्याचा राग येण्याऐवजी थोडा कळवळाच येईल. कोठारातील साठा संपत आला असता वरिष्ठांचा शेरा काय असतो हे आपणांस ठाऊक आहे.

१९७१ साली फ्लॉपी आली. आय.बी.एम.ला आपल्या मोठ्या संगणकांत आज्ञावली भरण्यासाठी टपालाने पाठविता येईल असे एखादे स्वस्त साधन हवे होते, त्यातून आठ इंचांची ही लवचिक चकती जन्मास आली. आरंभी तिच्यात ८० हजार अक्षरेच मावत. १९७३ पर्यंत ती सुमारे २ लाख ४३ हजार अक्षरांवर गेली, म्हणजे तीन हजार कार्डांचा गठ्ठा एका पाकिटात आला, आणि कार्डांचे युग खऱ्या अर्थाने तेथे संपू लागले. पुढे १९७६ साली सव्वापाच इंचांची व १९८१ साली सोनी कंपनीची साडेतीन इंचांची चकती आली. १९८७ पासून तिच्यात १.४४ मेगाबाइट मावू लागले, आणि मग ती तेथेच थबकली. सोनीने २०११ साली तिचे उत्पादन थांबविले.

मात्र उत्पादन थांबले म्हणून सरकारी वापर थांबतो असे कोणी मानू नये. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या नियंत्रणव्यवस्थेत आठ इंचांच्या फ्लॉपी वापरात असल्याचे तेथील लेखापरीक्षकांनी २०१६ साली उघड केले, आणि त्या २०१९ साली काढण्यात आल्या. जपानमध्ये तर अर्ज व विवरणे फ्लॉपीवरच सादर करावीत असे सांगणारे एक हजाराहून अधिक नियम होते. तारो कोनो या मंत्र्याने २०२२ साली त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०२४ च्या मध्यास ती तडीस गेली. बाजारातून वस्तू नाहीशी झाल्यावरही नियमातून ती नाहीशी होण्यास तेरा वर्षे लागली, हे ऐकून आमच्या मंडळींना परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

यानंतर येते ती विजेची स्मृती. जपानातील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली असा अर्धवाहक जाहीर केला की, ज्यात कोंडलेले विद्युत्कण वीज गेल्यावरही तसेच राहतात, आणि एका झटक्यात मोठा भाग पुसता येतो. हे पुसणे कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखे आहे असे वाटून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी त्याला ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. १९८७ साली याचाच दुसरा प्रकार, ‘नँड’ फ्लॅश, पुढे आला, आणि आजची बहुतेक खिशातली साधने त्याचीच संतती आहेत. १९८८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या सॅनडिस्क या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, हे कानपुरात जन्मलेले. आणि ज्या खाचेत आपण पेन ड्राइव्ह खुपसतो त्या यू.एस.बी. जोडणीच्या सिद्धतेत प्रमुख वाटा असलेले इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या जोडणीचे पहिले प्रमाणक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावांनी बडोद्याच्या गादीवर बसून विद्येचे जे बीज पेरले, त्याची फळे कोठकोठे लागली आहेत, हे पाहून बडोदेकर मराठी वाचकांनी थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

१९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून एस.डी. कार्डाची घोषणा केली, आणि २००० साली पहिले पेन ड्राइव्ह विक्रीस आले. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या एका नमुन्यात आठ मेगाबाइट मावत, आणि त्यास सुमारे ५० डॉलर पडत. म्हणजे मेगाबाइटला सहा डॉलरांहून अधिक. १९ वर्षांनी, २०१९ साली, एक टेराबाइटचे बोटाच्या पेराहून लहान कार्ड ४५० डॉलरांस निघाले. धारणशक्ती सव्वा लाखपट वाढली, आणि एका मेगाबाइटची किंमत जवळजवळ चौदा हजारांशावर आली. सरासरीने हा दर वर्षाला सुमारे ४० टक्के घट असा पडतो. पुढल्या चार-पाच वर्षांत तेच कार्ड शंभर डॉलरांच्या आसपास मिळू लागले. असा उतार ज्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला, त्यांना तो निसर्गनियमच वाटू लागला तर नवल नाही.

येथूनच आमच्या मुख्य विषयास आरंभ होतो. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिलेल्या एका लेखात, अर्धवाहकाच्या एका तुकड्यावरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असून १९७५ पर्यंत ती ६५ हजारांवर जाईल, असे अनुमान केले. दहा वर्षांनी त्यांनीच तो काळ दोन वर्षांवर नेला. मूळचे अनुमान नम्र होते. त्याला ‘नियम’ ही पदवी इतरांनी दिली. मग नियमांची एक परंपराच सुरू झाली. दक्षिण कोरियातील सॅमसंगचे ह्वांग चांग-ग्यू यांनी २००२ साली सांगितले की, फ्लॅशची घनता दरवर्षी दुप्पट होईल. काही वर्षे त्यांच्या कंपनीने तसे करून दाखविले, परंतु २००८ साली ती शर्यत खंडित झाली. चकत्यांच्या बाबतीत मार्क क्रायडर यांचे नाव २००५ साली एका नियमास जोडले गेले. १९५६ च्या रॅमॅकमध्ये चौरस इंचास दोन हजार द्विमान अंक मावत, ते २००५ पर्यंत दहा हजार कोटींवर गेले होते. ही वाढ पाच कोटीपट झाली, आणि मूरच्या वेगालाही तिने मागे टाकले होते.

याच क्रायडर यांनी चांग सू किम यांच्यासह २००९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चकत्यांना पर्याय म्हणून पुढे आलेल्या तेरा तंत्रांची त्यांनी छाननी केली, आणि ओघात असे मांडले की, चकत्यांची प्रगती वर्षाला ४० टक्के या तेव्हाच्या गतीने चालू राहिल्यास २०२० साली अडीच इंची, दोन चकत्यांच्या साधनात ४० टेराबाइटहून अधिक मावेल आणि त्याची किंमत ४० डॉलरांच्या आसपास असेल. लेखक अधिकारी होते. मागील पन्नास वर्षांचा आलेख त्यांच्या पाठीशी होता. ‘राहिल्यास’ हा शब्दही त्यांनी घातला होता. मग २०२० उजाडले. खिशात घालता येणाऱ्या अडीच इंची साधनांत मोठ्यात मोठे पाच टेराबाइटचे होते, आणि त्यास शंभर डॉलरांहून अधिक पडत. टेराबाइटला एक डॉलर सांगितला होता, प्रत्यक्षात वीसहून अधिक पडले.

असे का झाले? पहिले कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. चकतीवरील चुंबकीय कण बारीक करीत गेले की एक वेळ अशी येते की, खोलीतील साध्या उष्णतेनेही त्यांची दिशा बदलू लागते आणि लिहिलेले पुसले जाते. कण अधिक कठीण द्रव्याचे घ्यावेत तर लिहिणारे शीर्ष त्यांना वळवू शकत नाही. लेसरच्या उष्णतेने क्षणभर मऊ करून लिहावे, हा उपाय फार पूर्वी सुचला होता, परंतु तशा ३० टेराबाइटच्या मोठ्या चकत्यांची घोषणा सीगेट कंपनीने केली ती जानेवारी २०२४ मध्ये. दुसरे कारण २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये आलेला महापूर. चकत्यांच्या उत्पादनाचा मोठा भाग त्या एका देशात एकवटला होता. कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव चढले. तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळले, आणि जगात चकत्या बनविणारे तिघेच उरले. तीनच दुकाने असलेल्या पेठेत भाव उतरण्याची घाई कोणास असते? शिवाय फोन आणि लहान संगणक फ्लॅशकडे वळल्यामुळे अडीच इंची चकतीवर नवा पैसा खर्च करण्यात कोणाला स्वारस्य राहिले नाही. भाकीत करणाऱ्यांनी पदार्थविज्ञान पाहिले. पूर, भागधारक आणि गिऱ्हाईक या तिघांना आलेखात जागा नव्हती.

फितींचीही तीच गत. एल.टी.ओ. या फितीच्या नवव्या पिढीत २४ टेराबाइट मावतील असे आराखड्यात छापले होते. २०२१ साली ती आली तेव्हा १८ च मावत होते. प्रकाशाच्या त्रिमित चित्रांत माहिती साठविणारी ३०० गिगाबाइटची चकती इनफेज नावाची अमेरिकन कंपनी २००६ पासून ‘आता येते’ म्हणत होती. २०१० साली कंपनीच बंद पडली. कार्डांच्या प्रमाणकांचे मात्र मोठे मौजेचे आहे. २००९ च्या प्रमाणकात दोन टेराबाइटपर्यंत मुभा दिली होती, तिच्या निम्म्यापर्यंत पोचण्यास विक्रेत्यांना दहा वर्षे लागली. २०१८ साली ती मुभा १२८ टेराबाइटवर नेण्यात आली. दरवाजा हत्तीचा बांधून ठेवला आहे. हत्ती कधी येईल ते कोणी सांगितलेले नाही.

फ्लॅशची घोडदौड चकत्यांप्रमाणे अडली नाही याचे कारण तिने वेळीच मजले चढविले. सपाट पृष्ठभागावर कोठड्या आणखी लहान करणे अशक्य होऊ लागताच २०१३ साली सॅमसंगने २४ थरांची रचना केली, आणि २०२४ पर्यंत दुसऱ्या एका कोरियन कंपनीने तीनशेचा टप्पा ओलांडला. जमीन संपली की मुंबईत जे घडते तेच हे. दुसरी युक्ती म्हणजे एकाच कोठडीत अधिक अंक कोंबणे. एका अंकास विद्युत्भाराच्या दोन पातळ्या पुरतात, दोनांस चार, तिनांस आठ, चारांस सोळा. तीनवरून चारवर गेल्याने जागा एक-तृतीयांशाने वाढते, पण पातळ्या दुप्पट ओळखाव्या लागतात. म्हणून कोठडी लवकर थकते. पूर्वी जी लाखाच्या घरात वेळा लिहून-पुसून घेत असे, ती आता हजाराच्या घरातच दमते. स्वस्ताईतील काही भाग असा टिकाऊपणातून वळता केलेला आहे, ही गोष्ट वेष्टनावर छापलेली नसते.

हे सारे दप्तराच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक साधे गणित पुढे येते. ही साधने अक्षय नव्हेत. वीज न लावता कपाटात पडून राहिलेल्या फ्लॅशमधील भार हळूहळू गळतो, चकती अडकते, जोडणीचा प्रकार बदलतो. म्हणून जपावयाचे ते काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावेच लागते, आणि हा खर्च दरसालचा आहे. समजा, एखाद्या कचेरीच्या कागदांना पहिल्या वर्षी १०० रुपये पडले. भाव दरवर्षी ४० टक्के उतरत असेल तर पुढे ६०, मग ३६, असे करीत करीत अनंत काळाचा एकूण खर्च २५० रुपयांवर येतो. परंतु भाव वर्षाला १० टक्केच उतरत असेल तर तीच बेरीज हजारावर जाते. आणि उतार थांबला तर बेरजेला अंतच नाही. ‘सर्व काही साठवा, साठवण फुकटच आहे’ ही जी भाषा गेल्या वीस वर्षांत रूढ झाली, ती पहिल्या दराच्या भरवशावर रूढ झाली, आणि व्यवहार पुढे दुसऱ्या दराकडे सरकत गेला.

कागदाचे अर्थशास्त्र निराळे होते. पुण्यास पेशवे दप्तराचे रुमाल अठराव्या शतकापासूनचे आहेत. ते कोणी दर पाच वर्षांनी नव्या कागदावर उतरवून काढले नव्हते. ते बांधून ठेवले होते, आणि बहुतेक काळ त्यांच्याकडे कोणी फिरकलेही नव्हते. तरीही गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड निघू शकले. मोडी जाणणारे तेव्हा पुष्कळ होते, आता थोडे उरले आहेत, हे खरेच. परंतु मोडी शिकता येते. उलट इंग्लंडात १९८६ साली बी.बी.सी.ने, विल्यम राजाच्या १०८६ सालच्या जमाबंदीस नऊशे वर्षे झाल्यानिमित्त, लोकांकडून माहिती गोळा करून ती लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर घातली. अवघ्या सोळा वर्षांत, २००२ पर्यंत, ती वाचण्याची यंत्रे दुर्मिळ झाली आणि संशोधकांना ती सोडवून घेण्यासाठी स्वतंत्र खटाटोप करावा लागला. विल्यमची चामड्यावरील वही तेवढ्या काळात सुखरूप होती. कागदाची बेपर्वाई परवडते. या नव्या दप्तराला दुर्लक्ष मानवत नाही.

आपल्याकडे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमान्वये केंद्र सरकारचे कायम जपावयाचे कागद पंचवीस वर्षांनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावयाचे असतात. पंचवीस वर्षे म्हणजे फ्लॉपीच्या भरभराटीपासून तिच्या अंत्ययात्रेपर्यंतचा काळ. आज ज्या फाइली पडद्यावर जन्मतात आणि पडद्यावरच निकाली निघतात, त्यांची पंचविशी भरेल तेव्हा त्या कशावर असतील, हे ठरविण्याचे काम वरिष्ठ करतील; पण त्यासाठी लागणाऱ्या खर्चाचा अंदाज टिपणात मांडण्याचे काम आपल्यापैकीच कोणाकडे येईल. अशा टिपणांत ‘दर उत्तरोत्तर उतरत असल्याने’ हे वाक्य आम्ही कैक वेळा वाचले आहे, आणि बहुधा त्यापुढे ‘खरेदी पुढील वर्षापर्यंत स्थगित ठेवावी’ अशी शिफारस असते. २०२५ च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीगृहांनी मागणी वाढविल्यामुळे, स्मृतीचे भाव उतरण्याऐवजी वेगाने चढले, आणि तशी शिफारस करणाऱ्यांना ते महागात पडले असणार. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन कंपनीने २०२३ साली स्मृतीच्या तुकड्यांची जुळणी व चाचणी करणाऱ्या कारखान्याचे काम हाती घेतले आहे. तेथून निघणाऱ्या मालामुळे आपल्या पेठेतील भाव खाली येईल काय, असे एका स्नेह्याने आम्हांस विचारले. जुळणी देशात झाली तरी सिलिकॉनच्या मूळ चकत्या बाहेरूनच यावयाच्या, आणि भाव ठरतो तो त्यांचा. तेव्हा अंदाजपत्रक करताना वर्षाला १० टक्क्यांहून अधिक उतार धरू नये, आणि पाच वर्षांनी पुन्हा उतरवून घेण्याचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली आजच दाखवावा, असे आम्ही त्यांस सांगितले. कायमच्या वर्गातील शे-दीडशे फाइली चांगल्या कागदावर छापून पुठ्ठ्यात बांधण्यास काय पडेल, तोही आकडा त्याच टिपणात खाली घालावा, हेही सुचविले.